वाचकांचे प्रश्न: एकाच सिंबलवर दोघांचा दावा

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच एररची निघाली, मल्टिपल डेफिनिशन, म्हणजे एकच नाव दोन ठिकाणी डिफाइन झाल्याची तक्रार. कोणाला फोनच्या कर्नलमध्ये (ओएसच्या गाभ्यात) येतेय, कोणाला स्वतः लिहायला घेतलेल्या ओएसमध्ये, एकीला कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून नुसता लिंकर घेतलाय, म्हणजे वेगवेगळ्या कंपाइल झालेल्या फाइली, ज्यांना ऑब्जेक्ट फाइली म्हणतात, त्या जोडून एक प्रोग्रॅम बनवणारं टूल. त्या फाइलींमधल्या फंक्शन आणि व्हेरिएबलच्या नावांना सिंबल म्हणतात. फाइल, फ्लॅग आणि फंक्शनची नावं देवनागरीत दिलीत, टाइप करताना स्पेलिंग तुमच्या स्क्रीनवरच्या एररमधूनच उचला म्हणजे घोळ होणार नाही.

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनचा ४.९ कर्नल मी स्वतःच बिल्ड करून टाकतो. उबंटू २०.०४ वर सगळं मस्त चालायचं. लॅपटॉप फॉरमॅट करून २२.०४ टाकलं आणि आता सुरुवातीलाच बिल्ड आडवा होतो, डीटीसी-पार्सरमध्ये ‘वायवायलॉक’ची मल्टिपल डेफिनिशन, आधी डीटीसी-लेक्सरमध्ये डिफाइन झालंय म्हणतो. सोर्समध्ये मी एक अक्षर बदललेलं नाही. टूलचेन (कंपायलर-लिंकरचा संच) बदलून बदलून कंटाळलो. एका मित्राने ‘एफ-कॉमन’ फ्लॅग लाव म्हणून सांगितलं, लावला की चालतं, पण का चालतं ते त्यालाही माहीत नाही. तसंच ठेवू का?
नाशिकचे एक वाचक

उत्तर: टूलचेन बदलून काही होणार नव्हतं, कारण भांडण फोनच्या कंपायलरचं नाहीच, लॅपटॉपच्या कंपायलरचं आहे. कर्नल बिल्ड होताना दोन कंपायलर कामाला असतात, एक क्रॉस कंपायलर जो फोनच्या एआरएम प्रोसेसरसाठी कोड बनवतो आणि दुसरा होस्टचा जीसीसी, जो बिल्डला लागणारी बारकी टूल्स तुमच्याच मशीनवर चालवण्यासाठी बनवतो. डीटीसी म्हणजे डिव्हाइस ट्री कंपायलर, त्यातलंच एक टूल, बोर्डावर कुठलं डिव्हाइस कुठल्या पत्त्यावर बसलंय याचं टेक्स्टमधलं वर्णन घेऊन त्याची बायनरी करून देतं. त्यातला लेक्सर टेक्स्टचे शब्द सुटे करतो आणि पार्सर त्यांची रचना ओळखतो. एररच्या वरची ओळ बघा, तिथे ‘होस्ट-एलडी’ लिहिलेलं दिसेल. ती ओळ वाचली असती तर टूलचेन डाउनलोड करण्यात गेलेला डेटा वाचला असता, असो.

आता सोर्स तेच आणि एरर नवी, हे कसं. उबंटू २०.०४ मध्ये जीसीसी ९ होता, २२.०४ मध्ये ११ आहे, आणि मधल्या जीसीसी १० ने, जो मे २०२० मध्ये आला, एक डिफॉल्ट बदललं. सी भाषेत फंक्शनच्या बाहेर नुसतं ‘इंट एक्स;’ लिहिलं, किंमत दिली नाही, तर ती टेंटेटिव्ह डेफिनिशन धरतात, म्हणजे पुढे त्याच फाइलमध्ये किंमत देणारी डेफिनिशन आली तर ती खरी, नाहीतर हीच शून्य किमतीची पक्की. नियमाप्रमाणे ही सवलत एका फाइलपुरतीच आहे. पण युनिक्सवरचे कंपायलर पूर्वीपासून ती फाइलींच्या पलीकडे ओढत आले, असं व्हेरिएबल ऑब्जेक्ट फाइलमध्ये ‘कॉमन’ म्हणून टाकायचं आणि लिंकरने त्या नावाचे जेवढे कॉमन सापडतील तेवढे गोळा करून सगळ्यांना मिळून एकच जागा द्यायची, फोरट्रानच्या कॉमन ब्लॉकसारखं. म्हणजे एकाच गटनंबरचे दोन सातबारे घेऊन दोघंजण तलाठ्यासमोर उभे राहिले आणि तलाठ्याने काही न विचारता जमीन दोघांच्या नावावर करून टाकली, असा तो कारभार. जीसीसी १० पासून ‘एफ-नो-कॉमन’ डिफॉल्ट झालं, तलाठी विचारायला लागला. क्लँगनेही त्याच वर्षी ११ व्या व्हर्जनमध्ये हेच केलं, त्यामुळे कंपायलर बदलून पळवाट मिळणार नाही.

मग अख्खा कर्नल सोडून डीटीसीच का अडला? कारण कर्नल स्वतःच्या कोडला एफ-नो-कॉमन फार आधीपासून लावत आलाय, तिथे असलं काही शिल्लकच नव्हतं. होस्ट टूल्सना मात्र तो फ्लॅग नव्हता, त्यामुळे ही दुहेरी डेफिनिशन तिथे वर्षानुवर्षं लपून बसली.

दुरुस्ती एका ओळीची आहे. लेक्सरच्या फाइलमध्ये ‘वायवायएलटाइप वायवायलॉक;’ अशी ओळ आहे. तेच व्हेरिएबल बायसनने (पार्सर बनवून देणाऱ्या टूलने) बनवलेल्या पार्सरमध्येही डिफाइन होतं, आणि ते खरं पार्सरचंच आहे, लेक्सरला फक्त वापरायचंय, ज्यासाठी लागणारं एक्स्टर्न डिक्लरेशन, म्हणजे व्हेरिएबल दुसरीकडे आहे एवढंच सांगणारी ओळ, पार्सरच्या हेडरमधून आधीच मिळतंय. लेक्सरमधली ओळ उडवून टाका. मुख्य लिनक्समध्येही २०२० च्या सुरुवातीला नेमकं हेच केलं गेलं.

तुमच्या ४.९ मध्ये एक मेख आहे पण. त्या काळात लेक्सर आणि पार्सरच्या तयार सी फाइली सोर्ससोबतच यायच्या, नावाच्या शेवटी ‘शिप्ड’ असलेल्या, कारण प्रत्येकाच्या मशीनवर फ्लेक्स (लेक्सर बनवणारं टूल) आणि बायसन असेलच असं धरलेलं नव्हतं. तुम्ही ‘डॉट-एल’ फाइलमधली ओळ उडवली तर काहीही फरक पडणार नाही, बिल्ड तिच्याकडे बघतच नाही, आणि मग माणूस म्हणतो पॅच चालत नाही. ओळ ‘शिप्ड’ फाइलमधून उडवा, आणि डॉट-एल मधूनही उडवा म्हणजे पुढे कोणी पार्सर नव्याने जनरेट केला तर ती परत उगवणार नाही. त्यानंतर नुसतं मेक मारा. एमआर-प्रॉपर मारायची गरज नाही, त्याने तुमची डॉट-कॉन्फिगही, म्हणजे निवडलेल्या सेटिंग्जची फाइल, जाते.

एफ-कॉमन एका संध्याकाळपुरतं चालेल, फोन चालू करून बघायचाय एवढंच असेल तर. कायम ठेवायला मी नाही म्हणेन, दोन कारणांनी. जुन्या सोर्समध्ये होस्ट-सीफ्लॅग्स बाहेरून कमांडवर दिले की मेकफाइलमधले मूळचे पर्याय पुसले जातात, ऑप्टिमायझेशनच्या ओ-टू सकट, नुसते जोडले जात नाहीत. आणि दुसरं मोठं. कॉमनमध्ये लिंकर फक्त नाव बघतो, टाइप बघतच नाही. एका फाइलमध्ये ‘इंट काउंट;’ आणि दुसरीत ‘डबल काउंट;’ असेल तर तो मोठ्या साइजची एकच जागा देऊन मोकळा होतो, दोघं एकमेकांचा डेटा तुडवत बसतात आणि बिल्ड हिरवागार. डीटीसीमध्ये दोन्हीकडे टाइप एकच होता म्हणून नशीब.

प्रश्न: ताई, मी स्वतःची छोटी ओएस लिहितोय, शिकण्यासाठी, एक्स८६ वर, ग्रब बूटलोडरने बूट होणारी. स्क्रीनवर अक्षरं छापण्याच्या हेडरमध्ये मी कर्सरचे दोन व्हेरिएबल ठेवलेत, ‘इंट कर्सर-एक्स, कर्सर-वाय;’ असे. हेडरला इन्क्लूड गार्ड आहे, दहादा तपासलं. तरी मल्टिपल डेफिनिशन. आणि दुसरी एरर ‘अंडरस्कोअर-स्टार्ट’ची, ते मी माझ्या असेंब्ली फाइलमध्ये एकदाच लिहिलंय, शप्पथ.
कोल्हापूरचा एक बारावी पास

उत्तर: शप्पथ कशाला घेतोस, विश्वास आहे.

गार्डचा गैरसमज फार जणांना असतो, नोकरी करणाऱ्यांनाही. इन्क्लूड गार्ड एवढंच बघतो की एकाच सी फाइलमध्ये तेच हेडर दोनदा येऊ नये. तुझ्याकडे केबोर्डची फाइल वेगळी, स्क्रीनची वेगळी, मेनची वेगळी, प्रत्येकीचं कंपायलेशन स्वतंत्र, प्रत्येकीत गार्ड कोरा असतो आणि हेडर एकदा आत येतंच. म्हणजे तीन ऑब्जेक्ट फाइली, तिन्हीत कर्सर-एक्सची डेफिनिशन. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न इंट कर्सर-एक्स;’ लिही आणि खरी डेफिनिशन स्क्रीनच्या सी फाइलमध्ये एकदाच. त्याहून बरं म्हणजे ते हेडरमध्ये ठेवूच नकोस, स्क्रीनच्या फाइलमध्ये स्टॅटिक कर, म्हणजे नाव त्या फाइलपुरतंच राहील, आणि कर्सर हलवायला एक फंक्शन दे. केबोर्डच्या कोडला कर्सरच्या व्हेरिएबलला हात लावायची गरज काय? माझा अनुभव असा की ही एरर आली की निम्म्या वेळा उत्तर ‘एक्स्टर्न टाक’ नसून ‘हे ग्लोबल असायलाच नको होतं’ हे असतं. एक सावधगिरी, हेडरमध्येच स्टॅटिक टाकून एरर घालवू नकोस. एरर जाईल, पण प्रत्येक फाइलला स्वतःचा वेगळा कर्सर मिळेल, आणि केबोर्डने हलवलेला कर्सर स्क्रीनला कळणारच नाही.

अंडरस्कोअर-स्टार्टची गंमत वेगळी आहे. एररचा दुसरा अर्धा भाग वाच, ‘फर्स्ट डिफाइंड हिअर’च्या आधी सीआरटी१ किंवा एससीआरटी१ नावाची ऑब्जेक्ट फाइल दिसेल. ती तू दिलेली नाही, जीसीसीने स्वतःहून घातली. तू लिंकिंगसाठी सरळ जीसीसीची कमांड चालवलीस, त्याला वाटलं तू लिनक्सवर चालणारा साधा प्रोग्रॅम बनवतोयस, म्हणून त्याने सी लायब्ररीचा स्टार्टअप कोड जोडला, ज्याचं काम मेनला कॉल करण्याआधीची तयारी करणं. त्यातही अंडरस्कोअर-स्टार्ट आहे. तुझ्या ओएसमध्ये ती लायब्ररीच नाही, तेव्हा कंपाइल करताना ‘एफ-फ्रीस्टँडिंग’ आणि लिंक करताना ‘नो-एसटीडी-लिब’ दे, सोबत शेवटी ‘एल-जीसीसी’ ठेव, कारण जीसीसी काही गणितासाठी स्वतःच्या लिबजीसीसीतली फंक्शनं कॉल करतो. शक्य असेल तर आय६८६-ईएलएफ टार्गेटचा क्रॉस कंपायलर एकदा बिल्ड करून घे, अर्धा दिवस जाईल पण होस्टच्या लायब्ररी मध्ये घुसण्याचा हा सगळा त्रास मुळातून संपतो.

आणि हे झाल्यावर पुढचा खड्डा आत्ताच सांगून ठेवते. फ्रीस्टँडिंग असलं तरी जीसीसी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं तुझ्याकडे आहेत असं गृहीत धरतो, स्ट्रक्चर कॉपी केलं तरी मेमकॉपीचा कॉल टाकू शकतो. तू ती लिहिशील, साधा फॉर लूप लावून. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर जीसीसी तो लूप ओळखतो, म्हणतो अरे हे तर मेमसेटच, आणि लूपच्या जागी मेमसेटचा कॉल टाकतो, म्हणजे मेमसेट स्वतःलाच कॉल करत बसतो आणि स्टॅक संपेपर्यंत थांबत नाही. त्या एका फाइलला ‘एफ-नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ लाव. नाव लांबलचक आहे, कॉपी-पेस्ट कर.

प्रश्न: आमच्या प्रॉडक्टच्या बोर्डवर दोन वायफाय चिप आहेत, दोन्ही एकाच कंपनीच्या, मॉडेल वेगळी. त्यांनी दोन ड्रायव्हर दिले, झिपमध्ये. दोन्ही कर्नलच्या सोर्समध्ये टाकले, दोन्ही बिल्ट-इन केले, तर शेकड्याने मल्टिपल डेफिनिशन. उघडून बघितलं तर दोन्ही ड्रायव्हर म्हणजे एकाच कोडच्या दोन वेगवेगळ्या काळातल्या कॉप्या आहेत, फंक्शनची नावं तीच. सपोर्टला मेल टाकला, उत्तर नाही. एका सीनियरने लिंकरला ‘अलाव-मल्टिपल-डेफिनिशन’ द्यायला सांगितलं. देऊ का?
पिंपरी-चिंचवडहून, एम्बेडेडमध्ये काम करणारे

उत्तर: नका देऊ. सीनियरना माझा नमस्कार सांगा आणि नका देऊ.

त्या फ्लॅगने लिंकर जी डेफिनिशन आधी सापडेल ती घेतो आणि दुसरी गुपचूप सोडून देतो. तुमच्या केसमध्ये याचा अर्थ दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर पहिल्या चिपची फंक्शनं वापरणार. दोन कॉप्यांमध्ये मधल्या काळात एखाद्या स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढलं असेल, बाकी सगळं तसंच, तर पॉइंटर एका लेआउटचा आणि त्याला वाचणारं फंक्शन दुसऱ्या लेआउटचं. बूट होईल, वायफाय जोडलंही जाईल, आणि मग कधीतरी कस्टमरकडे रात्री पॅनिक. त्याचा माग काढताना बॅकट्रेसमध्ये फंक्शनचं नाव बरोबर दिसणार, फक्त ते दुसऱ्याच ड्रायव्हरचं असणार.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोन्ही मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलमध्ये नंतर लोड करायच्या वेगळ्या फाइली म्हणून, बिल्ड करा, ‘वाय’ऐवजी ‘एम’. बिल्ट-इनमध्ये सगळ्या ऑब्जेक्ट फाइली शेवटी एकाच व्हीएमलिनक्समध्ये, कर्नलच्या मुख्य फाइलमध्ये, लिंक होतात, म्हणून तिथे प्रत्येक ग्लोबल नाव एकदाच चालतं. मॉड्यूल प्रत्येक वेगळं लिंक होतं, आतली नावं आतच राहतात, बाहेर जातं फक्त ते जे एक्सपोर्ट-सिंबलने बाहेर काढलंय. दोन्ही ड्रायव्हर तेच नाव एक्सपोर्ट करत असतील तर मात्र परत अडेल. एकत्र बिल्ड केले तर मॉडपोस्ट (बिल्डमध्ये मॉड्यूल तपासणारं टूल) ‘एक्सपोर्टेड ट्वाइस’ म्हणून ओरडतो. वेगवेगळे बिल्ड केले तर तिथे कोणी पकडत नाही, थेट इन्समॉडच्या, म्हणजे मॉड्यूल लोड करायच्या वेळी ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ येतं, आणि लोक व्हर्जन मॅजिक (मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बनलंय ती खूण) तपासत बसतात. खरं कारण डीमेसेजमध्ये, कर्नलच्या लॉगमध्ये असतं, ‘एक्सपोर्ट्स डुप्लिकेट सिंबल’, आणि पुढे कंसात मालक कोण तेही लिहिलेलं असतं. असे एक्सपोर्ट बहुतेक वेळा उगाचच ठेवलेले असतात, ड्रायव्हरबाहेर कोणी वापरत नसेल तर काढून टाका.

मॉड्यूल चालणारच नसतील, काही प्रॉडक्टमध्ये मॉड्यूल सपोर्टच बंद ठेवतात, तर नावं बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. आधी एनएम (फाइलमधली सिंबल दाखवणारं टूल) चालवून दोन्हीकडच्या डिफाइंड ग्लोबल सिंबलची यादी काढा, सॉर्ट करा, आणि दोघांत कॉमन काय ते ‘कॉम’ कमांडने वेगळं करा. त्यातली जी फंक्शनं फक्त स्वतःच्याच फाइलमध्ये वापरली जातात ती स्टॅटिक करून टाका, असल्या कोडमध्ये अशी भरपूर निघतात. उरलेल्यांसाठी एक हेडर बनवा ज्यात प्रत्येक नावाला हॅश-डिफाइनने प्रीफिक्स लावलाय, आणि त्या ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये सीसी-फ्लॅग्स-वायमधून ‘इन्क्लूड’ पर्यायाने ते हेडर प्रत्येक फाइलच्या आधी घुसवा. मूळ कोडला हात लागत नाही, त्यामुळे कंपनीने नवीन झिप दिली तर परत लावणं सोपं. हा प्रकार काही मी शोधलेला नाही. कर्नलच्या स्टेजिंगमध्ये (अजून पक्का न झालेला कोड ठेवतात त्या भागात) आरटीएल८१९२यू नावाचा ड्रायव्हर होता, तो ८०२.११ चा, म्हणजे वायफायचा, स्वतःचा स्टॅक घेऊन आला होता आणि त्याची नावं कर्नलच्या मॅक८०२११ या वायफाय स्टॅकशी भिडत होती, तिथेही फंक्शनच्या नावामागे ‘आरएसएल’ जोडून दोघांना वेगळं केलेलं होतं. दिसायला कुरूप, पण कोणाचं फंक्शन कोण वापरतंय याबद्दल शंका राहत नाही.

जाता जाता, स्टॅटिक केलेली एकाच नावाची दोन फंक्शनं लिंकरला चालतात, पण कॉलसिम्समध्ये (कर्नलच्या सिंबलच्या यादीत) दोन्ही दिसतात आणि नाव देऊन केप्रोब (चालू कर्नलमधल्या फंक्शनवर पाळत ठेवायची सोय) लावायला गेलात की कुठलं ते त्याला ठरवता येत नाही. लाइव्हपॅचमध्ये (चालू कर्नलच्या दुरुस्तीत) तर याच्यासाठी सिंबल कितवं आहे ते सांगायची वेगळी सोय ठेवावी लागली. म्हणून स्टॅटिक असलं तरी ड्रायव्हरचा प्रीफिक्स लावायची सवय चांगली.

प्रश्न: ताई, आम्हाला ओएसच्या लॅबला एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठीची छोटी ओएस आहे, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाली. माझ्या यूजर प्रोग्रॅममध्ये स्ट्रिंग-एन-कंपेअर पाहिजे होतं, ते यूलिबमध्ये (यूजर प्रोग्रॅमच्या लायब्ररीत) नाहीये पण कर्नलच्या स्ट्रिंग फाइलमध्ये आहे. म्हणून मेकफाइलमध्ये यूलिबच्या यादीत कर्नलची ती ऑब्जेक्ट फाइल जोडली. आता मेमसेट, मेममूव्ह, स्ट्रिंग-लेन सगळ्यांची मल्टिपल डेफिनिशन येतेय. पण मी काही करायच्या आधीही मेमसेट दोन्हीकडे होतंच ना, तेव्हा का नव्हती येत?
सांगलीची एक विद्यार्थिनी, तिसरं वर्ष

उत्तर: प्रश्नाचा शेवटचा भाग फार छान विचारलास, त्यातच उत्तर आहे. एक्सव्ही६ मध्ये लिंकर एकदाच चालत नाही. कर्नल एकदा लिंक होतो, आणि मग यूजरचा प्रत्येक प्रोग्रॅम, कॅट, एलएस, शेल, प्रत्येकजण वेगळा लिंक होतो, यूलिबसोबत. सिंबलचं भांडण होतं ते एका लिंकच्या आत. कर्नलचं मेमसेट आणि यूजरचं मेमसेट कधी एका लिंकमध्ये येतच नव्हते, म्हणून दोघं सुखात होते. तू त्यांना एका खोलीत आणलंस.

स्ट्रिंग-एन-कंपेअर पाच-सहा ओळींचं फंक्शन आहे, ते तेवढंच यूलिबच्या सी फाइलमध्ये लिही आणि यूजरच्या हेडरमध्ये डिक्लेअर कर. कर्नलची अख्खी ऑब्जेक्ट फाइल यूजरमध्ये ओढायची सवय लावू नकोस, आज मेमसेटवर अडलीस, उद्या तीच फाइल प्रिंट किंवा लॉकसाठी कर्नलचं काहीतरी मागेल आणि ती साखळी संपणार नाही.

याच घरातली दुसरी एरर तुझ्या वर्गात कोणालातरी येईलच, ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’. ती लिंकरची नाही, कंपायलरची. एक्सव्ही६ च्या ज्या प्रती बऱ्याच कॉलेजात चालतात त्यात कर्नलच्या आत स्लीप नावाचं फंक्शन आहे जे एक चॅनल आणि एक लॉक घेतं, आणि यूजरच्या हेडरमध्ये स्लीप नावाचा सिस्टिम कॉल आहे जो एक इंट घेतो. दोन्ही हेडर एका फाइलमध्ये घेतले की लागलीच वाद. तिथे उपाय एकच, कुठलं तरी एक हेडर त्या फाइलचं नाही, ते काढ.

प्रश्न: रिटायर झाल्यावर लिनक्स ०.११ वाचायला घेतलंय, १९९१ चं. नुसतं वाचून समाधान होईना म्हणून आजच्या जीसीसीवर बिल्ड करायला गेलो. बाकीच्या गोष्टी निस्तरल्या, पण स्ट्रिंगच्या हेडरमधली सगळी फंक्शनं प्रत्येक फाइलमध्ये डिफाइन झाली असं लिंकर म्हणतो. त्यांच्यापुढे ‘एक्स्टर्न इनलाइन’ लिहिलेलं आहे.
रत्नागिरीचे एक वाचक

उत्तर: काका, यात तुमचं काही चुकलेलं नाही, मधल्या काळात त्या दोन शब्दांचा अर्थच उलटा झालाय. जीसीसीच्या जुन्या पद्धतीत ‘एक्स्टर्न इनलाइन’ म्हणजे हा कोड फक्त जागेवर घालायला वापर, स्वतंत्र फंक्शन बनवू नकोस. सी९९ मध्ये, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या स्टँडर्डमध्ये, ‘एक्स्टर्न इनलाइन’ म्हणजे बरोब्बर विरुद्ध, बाहेरून दिसणारं फंक्शन बनवच. जीसीसी ५ येईपर्यंत कोणाला त्रास नव्हता कारण डिफॉल्ट जुनंच होतं, २०१५ मध्ये ५ ने डिफॉल्ट जीएनयू११ (नव्या सी स्टँडर्डचे नियम) केलं आणि असला सगळा जुना कोड अडकला. कंपाइल करताना ‘एफ-जीएनयू८९-इनलाइन’ द्या, बाकी काही बदलू नका. इथे फ्लॅग देणं हाच खरा उपाय आहे, कारण कोड त्याच नियमांनी लिहिला होता. आजचा कर्नलही २०२२ मध्ये ५.१८ येईपर्यंत जीएनयू८९ या जुन्या नियमांवरच होता, तिथे हेडरमधल्या फंक्शनांना सरसकट स्टॅटिक इनलाइन लिहितात म्हणून हा वाद होत नाही.

प्रश्न: माझी अडचण उलटी आहे. एररच येत नाही. आमच्या बोर्डसाठी कर्नलमधल्या एका वीक फंक्शनचं स्वतःचं व्हर्जन लिहिलं, बिल्ड स्वच्छ, वॉर्निंगही नाही, पण चालतं ते डिफॉल्टवालंच. माझ्या फंक्शनमधला प्रिंट कधी दिसतच नाही.
बंगळुरूहून एक मराठी वाचक

उत्तर: ही मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वाईट वाटते, कारण इथे लिंकर तोंड उघडत नाही.

वीक म्हणजे साधी डेफिनिशन असेल तर मागे हटणारी. नियम असा की एक डेफिनिशन वीक आणि एक साधी असेल तर साधी जिंकते, तक्रार नाही. दोन्ही वीक असतील तरी तक्रार नाही, जी आधी लिंक झाली ती जिंकते. आता तुम्ही म्हणाल माझी तर साधीच आहे. तुम्ही लिहिली साधी, पण ज्या हेडरमध्ये त्या फंक्शनचं डिक्लरेशन आहे तिथे कोणी वीक लिहून ठेवलं असेल तर ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमधली डेफिनिशन वीक होते, तुमचीसुद्धा. मग तुमचं चालणार की डिफॉल्ट हे फक्त मेकफाइलमधल्या क्रमावर. मुख्य कर्नलमध्येही हे झालं होतं, २०१४ मध्ये बऱ्याच हेडरमधून असे वीक काढून टाकायला लागले. तपासायला दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींवर एनएम चालवा. डिफॉल्टवाल्यात डब्ल्यू दिसणं बरोबर, तुमच्यात कॅपिटल टी दिसायला पाहिजे. तिथेही डब्ल्यू दिसला तर हेडरमधला वीक काढा, तो फक्त डिफॉल्ट डेफिनिशनवर असला पाहिजे.

टी दिसतोय आणि तरी चालत नाही, असं असेल तर मेकफाइल बघा, तुमची फाइल ‘लिब-वाय’मध्ये टाकलीये का. लिब-वायमधल्या फाइली आर्काइव्हमध्ये जातात, आणि आर्काइव्हमधून लिंकर एखादी फाइल तेव्हाच बाहेर काढतो जेव्हा कुठलंतरी नाव अजून सापडलेलं नसतं. वीक का होईना, डेफिनिशन मिळालेली आहे, मग तो तुमच्या फाइलकडे कशाला जाईल. ‘ओबीजे-वाय’मध्ये हलवा. कोणाची डेफिनिशन घेतली हे लिंकरच्या तोंडून ऐकायचं असेल तर त्याला ‘ट्रेस-सिंबल’ पर्यायाने नाव द्या, त्या नावाचा उल्लेख करणारी प्रत्येक फाइल तो छापतो, कुठे वापर आणि कुठे डेफिनिशन यासकट. हा पर्याय वर विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात उपयोगी पडला असता.

प्रश्न: ३२ बिट एआरएमवर माझ्या ड्रायव्हरला ‘एईएबीआय-यूएल-डिव्ह-मॉड’ अनडिफाइंड येतंय. लिबजीसीसी जोडू का?
ठाण्याचे एक वाचक

उत्तर: ही उलट्या बाजूची एरर, दोन डेफिनिशन नव्हे तर एकही नाही. ड्रायव्हरमध्ये कुठेतरी तुम्ही ६४ बिट संख्येला साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागलंय. ३२ बिट एआरएमला ते एका सूचनेत जमत नाही, म्हणून कंपायलर लायब्ररीचं फंक्शन मागतो, आणि कर्नल लिबजीसीसी मुद्दाम जोडत नाही, म्हणजे महागडा भागाकार नकळत कोणी करू नये. तुम्हीही जोडू नका. भाजक ३२ बिटचा असेल तर डिव्ह-यू६४, ६४ बिटचा असेल तर डिव्ह६४-यू६४. जुन्या कोडमध्ये डू-डिव्ह दिसेल, ते वापरलंत तर एवढं लक्षात ठेवा की भागाकार तुम्ही दिलेल्या व्हेरिएबलमध्येच लिहिला जातो आणि परत मिळते ती बाकी.